झाकल्या मुठीची किंमत कोण मोजते?

एक नोकरी, धंदा किंवा कसब सोडून दुसऱ्याकडे वळण्याच्या काळाला येथे व्यवसायांतर म्हटले आहे. ते वळणे स्वखुशीचे असो वा कंपनी बंद पडल्यामुळे पदरी आलेले असो. या काळात झोप उडाली, छातीत धडधडू लागले, कशातच मन लागेनासे झाले, आपण कुचकामी ठरलो असे सतत वाटू लागले, तर माणसाने ते स्वतःपाशीच ठेवावे, फार तर देवापुढे बोलावे, चारचौघांत त्याचा उच्चार करू नये, असा सल्ला मुंबईच्या उपनगरांतील मराठी घरांत सर्रास दिला जातो. आधीच्या पिढीने याहून वाईट दिवस तोंडातून अवाक्षर न काढता काढले, दुःख उगाळल्याने ते वाढतेच, आणि 'डोक्याचा त्रास' षट्कर्णी झाला की पुढची नोकरी हातची जाते, शिवाय घरातल्या मुलामुलींच्या लग्नातही ते आडवे येते, असे त्याचे समर्थन केले जाते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण त्यावर शिक्कामोर्तब करते. असा सल्ला देणारी माणसे बहुधा जवळची आणि मनापासून काळजी करणारी असतात, म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद गांभीर्याने केला पाहिजे. हा सल्ला वस्तुस्थितीला धरून नाही. आणि त्याहून गंभीर बाब अशी की हजारो माणसांवर एकाच वेळी कोसळलेल्या घटनेला तो प्रत्येकाची खाजगी नामुष्की करून टाकतो.

दाखला सर्वांत जास्त दिला जातो तो आधीच्या पिढीचा, तेव्हा तपासणीही तिथूनच सुरू व्हायला हवी. मुंबईतील मराठी माणसांच्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे सक्तीचे व्यवसायांतर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपातून घडले. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले, संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि साच्यावर अर्धे आयुष्य घालवलेली माणसे पुढे इमारतींच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभी राहिली, भाजीच्या गाड्यांवर दिसू लागली किंवा कोकणात, घाटावर गावी परतली. संपाची जाहीर भाषा पगाराची, बोनसची आणि एकाच संघटनेला मान्यता देणाऱ्या कायद्याविरुद्धची होती, आणि ती तशी असणे योग्यच होते. परंतु संप रेंगाळल्यावर खोल्याखोल्यांत जे घडले त्यासाठी कोणाजवळ शब्द नव्हते. ते शब्द फार उशिरा आले. संपानंतर विसकटलेल्या कामगार कुटुंबाचे जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ मध्ये रंगभूमीवर आले, आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून उभा केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ही माणसे बोलली तेव्हा कैक वर्षे उलटून गेली होती, आणि कोणीतरी समोर बसून विचारले म्हणून ती बोलली. त्या पिढीला नैराश्य ठाऊक नव्हते असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की ते मोजण्याचे कष्टच कोणी घेतले नव्हते. नोंदवहीत नाव नाही म्हणून माणूस जन्मलाच नाही, असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

शिवाय त्या मौनाचा भार वाहिला कोणी, हा प्रश्न उरतोच. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करण्यासाठी. म्हणजे गिरणगावाची अर्थव्यवस्था बायकांच्या चुलीवर किती टेकलेली होती हे संपाआधीच दिसत होते. संपानंतर पुरुषाचा पगार थांबला तेव्हा घर तरले ते याच बायकांच्या धुण्याभांड्यांवर, शिवणावर आणि डब्यांवर, आणि न बोलणाऱ्या पुरुषाचा राग, त्याचे पिणे, त्याचे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणे हेही त्यांनीच निस्तरले. मौन पाळणाऱ्याचे दुःख घरातच राहते हे खरे, मात्र घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर पडून राहते. ज्या मौनाला धैर्य म्हणून गौरवले जाते त्याचा खर्च आधीच्या पिढीतील बायकांनी आणि मुलांनी भरलेला आहे, आणि तो हिशेबात धरल्याशिवाय त्या पिढीचे उदाहरण देणे न्याय्य नाही.

याच इतिहासातील एक दुवा उपनगराशी जोडलेला आहे. गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे मुळात घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉक्टर होते; आसपासच्या दगडखाणींत काम करणारे मजूर त्यांच्याकडे रोगी म्हणून येत, आणि त्यांच्या आजाराचे मूळ त्यांच्या मजुरीत व कामाच्या परिस्थितीत आहे हे उमगल्यामुळे ते कामगार चळवळीकडे वळले. शरीराचे दुखणे आणि रोजगार यांचा संबंध एका डॉक्टरला दवाखान्यात दिसला आणि त्यातून मुंबईच्या कामगार चळवळीचे एक मोठे पर्व उभे राहिले. मनाचे दुखणे आणि रोजगार यांचा संबंध मात्र त्या पर्वात कोणत्याही मागणीपत्रात उतरला नाही. याचा दोष एका व्यक्तीकडे जात नाही. त्या काळी मानसोपचार म्हणजे ठाण्याचे मनोरुग्णालय एवढीच सर्वसामान्यांची कल्पना होती. पण हा संबंध नवा किंवा परका आहे, असे आज कोणी म्हणू शकत नाही.

गिरण्यांनंतर पाळी उपनगरांतील कारखान्यांची आली. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, म्हणजे जुन्या आग्रा रोडच्या, दोन्ही अंगांना असलेले कारखाने एकामागून एक मिटले आणि त्यांच्या जागी मॉल व टॉवर आले. गोरेगावात निरलॉनचा कारखाना होता तिथे आज निरलॉन नॉलेज पार्क आहे. या कारखान्यांतून माणसे बाहेर पडली ती बहुतेक 'स्वेच्छानिवृत्ती' घेऊन. व्हीआरएसच्या रकमेतून कर्ज फिटले, मुलीचे लग्न झाले, गावच्या घराचे पत्रे बदलले, आणि पंचेचाळिशीतला फिटर किंवा टर्नर दुसऱ्या दिवसापासून रिकामा झाला. उपनगरांत अशा माणसाची एक परिचित आकृती आहे: नेहमीच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, डब्याची पिशवी घेऊन घराबाहेर पडणारा, लोकल न पकडता बोरिवली पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन बाकावर बसणारा, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीच्या वेळी तिथेच डबा उघडणारा, आणि संध्याकाळी गर्दी सुटण्याचा अंदाज घेऊन घरी परतल्यावर, आज काय झाले असे विचारताच 'नेहमीचंच' म्हणणारा. ही दिनचर्या तो महिनोन्‌महिने सांभाळतो, आणि ती सांभाळण्यात त्याची जेवढी शक्ती खर्च होते तेवढीच नवे काम शोधण्यासाठी कमी पडते. मूठ झाकून ठेवण्याचे प्रत्यक्ष रूप हे असे असते.

बेकारीने माणसाच्या मनाचे नेमके काय होते याचा पहिला काटेकोर अभ्यास झाला तोही एका कापडगिरणीच्या गावात. व्हिएन्नाजवळील मारिएन्थाल येथील गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले; मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइसेल या संशोधकांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक झाल्यावर माणसे अधिक वाचतील, सभांना जातील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयातून जाणारी पुस्तके कमी झाली, पुरुषांची रस्त्यावरून चालण्याची गतीदेखील मंदावली, आणि दिवसभरात काय केले हे त्यांना धड सांगता येईना. याहोडा यांनी पुढे या निरीक्षणांची मांडणी अशी केली की नोकरी पगाराखेरीज पाच अदृश्य गोष्टी पुरवते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्याहून मोठ्या कशात तरी वाटा, समाजात एक ओळख आणि हातांना नियमित काम. या पाचही गोष्टी एकदम सुटतात तेव्हा मन खचते, आणि ते खचणे स्वभावाच्या कमकुवतपणाचे लक्षण नसते. ज्या खांबांवर ते उभे होते ते काढून घेतल्याचा तो परिणाम असतो. मानसोपचारशास्त्रात यातील एका अवस्थेला समायोजन विकार म्हणतात, म्हणजे आयुष्यातील ओळखता येण्याजोग्या उलथापालथीनंतर साधारण महिनाभरात सुरू होणारा आणि ताण ओसरला की बहुधा सहा महिन्यांत निवळणारा त्रास. तो निवळला नाही, वाढत गेला, तर त्याचे रूपांतर नैराश्याच्या किंवा चिंतेच्या विकारात होऊ शकते, आणि हे वळण कोणत्या बाजूला जाते हे ठरवण्यात वेळेवर मिळालेल्या आधाराचा मोठा वाटा असतो. मौनाचा सल्ला नेमके हेच सहा महिने वाया घालवतो.

कारखान्यांचे दिवस गेले, आताचा सुशिक्षित नोकरदार वेगळा, असे म्हणण्यालाही आधार नाही. विलेपार्ल्यात मुख्यालय असलेल्या किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, आणि १७ एप्रिल २०१९ रोजी अंधेरी पूर्वेच्या सिरोया सेंटरमधून चालणाऱ्या जेट एअरवेजने आपली सेवा थांबवली. जेटच्या सुमारे २०,००० कर्मचाऱ्यांपैकी अनेकांचे पगार त्याआधीच थकले होते. त्यांतील विमान देखभाल अभियंत्यांची स्थिती समजून घेण्यासारखी आहे: त्यांचा परवाना ठराविक प्रकारच्या विमानापुरता असतो, त्यामुळे एका विमानावर वीस वर्षे हात बसलेल्या माणसाला दुसऱ्या विमानाकडे वळायचे तर पुन्हा अभ्यास, पुन्हा परीक्षा आणि पुन्हा खर्च, आणि तोही पगार थांबलेला असताना. अंधेरी, मरोळ, साकीनाका, बोरिवली, वसई, नालासोपारा या पट्ट्यात त्या उन्हाळ्यात शेकडो घरांत एकच प्रश्न एकाच वेळी होता: घराचा हप्ता, शाळेची फी आणि पुढे काय. तरीही प्रत्येक घराला तो आपल्यापुरताच वाटला. निदर्शनांत माणसे एकत्र आली, थकलेल्या पगाराविषयी एकत्र बोलली, आणि घरी परतल्यावर बहुतेकांची रात्र आपापली, एकेकट्याची होती. कंपनीच्या कर्जबाजारीपणाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला 'माझंच काहीतरी चुकलं' असे वाटणे हा मौनाचा सर्वांत क्रूर परिणाम आहे, कारण शेजारच्या इमारतीतला माणूसही अगदी असेच म्हणत रात्र काढत आहे हे त्याला कळण्याची वाटच मौन बंद करते.

दुःख उगाळल्याने वाढते, या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. त्याच त्याच तक्रारीभोवती उपाय न शोधता फिरत राहणे नैराश्याला खतपाणी घालते हे मानसशास्त्रही सांगते. तीव्र आघातानंतर प्रत्येकाला सरसकट एकाच बैठकीत बोलते करण्याचा उपाय अभ्यासांत निरुपयोगी ठरलेला आहे. म्हणून कोणालाही बोलण्याची सक्ती करता येत नाही, आणि कोणापुढे, कधी, किती बोलावे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. परंतु एवढ्यावरून व्यक्त होणेच घातक असा निष्कर्ष काढणे म्हणजे औषधाचा चुकीचा डोस घातक ठरला म्हणून दवाखानेच बंद करण्यासारखे आहे. अमेरिकेतील स्पेरा, बुहरफाइन्ड आणि पेनेबेकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात विचार करायला लावतो. नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांपैकी काहींना नोकरी जाण्याविषयीचे आपले विचार आणि भावना सलग काही दिवस लिहून काढण्यास सांगितले, काहींना भावना वगळून दिनक्रम लिहायला सांगितले, आणि काहींना काहीच लिहायला सांगितले नाही. पुढच्या महिन्यांत भावना लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. या गटाने अधिक अर्ज पाठवले नव्हते की अधिक ओळखी काढल्या नव्हत्या. आत साचलेला राग आणि अपमान शब्दांत उतरल्यामुळे ही माणसे मुलाखतीला अधिक सावरलेल्या मनाने सामोरी गेली असावीत, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. प्रयोग लहान होता आणि त्यात लिहिणे होते, जाहीर बोलणे नव्हते. तरीही 'बोललास की खचशील' या ठाम भाकिताला तो सरळ छेद देतो.

याच मुद्द्याला लागून असलेला एक सुशिक्षित आक्षेप असा की दुःख घटनेत नसतेच, ते माणसाच्या विचारात असते, तेव्हा विचार सुधारावा, त्याचा गवगवा कशाला. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा, जो महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी आयुष्यभर रुजवला, असा सोयीस्कर अर्थ अनेकदा लावला जातो. एलिस यांनी मात्र याच पद्धतीत दुय्यम त्रासाकडे लक्ष वेधले आहे: माणूस अस्वस्थ होतो, आणि मग आपण अस्वस्थ झालो याचीच त्याला लाज वाटू लागते, आणि ही दुसरी लाज पहिल्या अस्वस्थतेत भर घालते. 'कोणाला सांगू नकोस' हे वाक्य नेमकी हीच दुसरी लाज शिकवते. जो विचार दुरुस्त करायचा तो आधी उच्चारला गेला पाहिजे. मनात कोंडलेल्या अविवेकी समजुतीशी वाद घालता येत नाही.

मन मोकळे करणे हे पाश्चात्त्य थेर आहे, असे म्हणणाऱ्यांनी मराठी परंपरेकडे पुन्हा पाहावे. तुकारामांचे आयुष्य हे मराठीतील व्यवसायांतराचे सर्वांत उत्कट आणि सर्वांत उघड निवेदन आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, लोकांत मान उरला नाही, आणि हे सारे, त्या वेळच्या लाजेसकट, त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगितले आहे. गावातील पत गेलेल्या वाण्याने आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगावी आणि पुढच्या पिढ्यांनी ती टाळमृदंगाच्या साथीने गावी, ही ज्या समाजाची परंपरा आहे त्याला आपली संस्कृती मूठ झाकण्याची आहे असे म्हणता येत नाही. अलीकडच्या काळातही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'तून स्किझोफ्रेनियाविषयी आणि 'कासव'मधून नैराश्याविषयी मराठी प्रेक्षकांशी संवाद साधला. 'कासव'ला २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली आणि लगोलग 'वेध' ही व्यवसाय-प्रबोधन परिषद सुरू केली. व्यवसाय आणि मन यांचा विचार एकाच छताखाली व्हावा हे मराठीत तीन दशकांहून अधिक काळ सांगितले जात आहे.

तथापि उघडपणे बोलण्याचा जो नमुना आज समाजाने स्वीकारला आहे त्यातही एक दोष आहे, आणि तो मौनाच्या समर्थकांइतकाच समुपदेशनाच्या समर्थकांच्याही लक्षात आलेला दिसत नाही. दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपल्या नैराश्याविषयी सांगितले, विराट कोहली यांनी २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यातील आपल्या अवस्थेविषयी पुढे सांगितले, आणि त्या दोघांच्या बोलण्याने मोठे काम झाले यात शंका नाही. पण ही दोन्ही निवेदने यशाच्या पायरीवरून झाली. डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये बेचाळिशीच्या घरात वैद्यकी सोडून पूर्णवेळ नाट्यव्यवसाय पत्करला, ही गोष्ट मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते, कारण तिचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा शेवट अजून ठाऊक नाही, जो मालाडच्या कॉल सेंटरमधली नोकरी सोडून अध्यापनाची पदविका करत आहे किंवा सीप्झमधल्या दागिन्यांच्या युनिटमधून सुटून रिक्षाच्या परवान्याच्या रांगेत आहे, त्याला मात्र 'आधी काही करून दाखव, मग बोल' असे ऐकावे लागते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच शंका विचारता येतील असा हा नियम आहे, आणि बोलण्याची गरज सर्वांत तीव्र असते तेव्हाच तो तोंड बंद करतो. स्वतःहून नोकरी सोडलेल्यांवर तो अधिकच कठोरपणे लादला जातो: आपणच निवडले, मग आता रडायचे कशाला? वास्तविक विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयानंतरही जुनी ओळख सुटल्याचे दुःख होते, आणि ते दुःख म्हणजे निर्णय चुकल्याची कबुली नसते.

नोकरीच्या बाजारातील भेदभावाचा आक्षेप मात्र खरा आहे. मुलाखतीत रेझ्युमेमधल्या रिकाम्या वर्षावर बोट ठेवून 'इथे काय केलंत' असे विचारणारा अधिकारी 'उपचार घेत होतो' हे उत्तर सहानुभूतीने ऐकेलच, अशी हमी आज कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच स्पष्ट सांगितले पाहिजे की उघडपणे बोलणे म्हणजे मालकापुढे कबुलीजबाब देणे नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क देतो. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून माणसाला पुढे मनोरुग्ण ठरवता येत नाही असे सांगतो. आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पातळीवर संरक्षण द्यावे असे बंधन घालतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये रवींदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात मानसिक विकलांगता असलेल्या कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरवली. हे संरक्षण अपुरे आहे हेही खरे, कारण अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दीर्घकालीन विकलांगतेपुरता बोलतो आणि नोकरी बदलताना सहा महिने खचलेला माणूस त्यात बसत नाही. पण कायदा अपुरा आहे या कारणाने त्रास सोसणाऱ्याला गप्प बसवायचे आणि भेदभाव करणाऱ्याला मोकळे सोडायचे, ही उलटी न्यायबुद्धी झाली.

भीतीपोटी पाळलेले मौन सुरक्षित असते हा समजही तपासून पाहावा. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून आल्प्समध्ये पाडले आणि १५० जणांचा अंत झाला, तेव्हा त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता असे पुढे आले. मानसिक त्रास असलेली माणसे धोकादायक असतात असा अर्थ त्यातून काढणे साफ चुकीचे आहे. त्यांतील बहुसंख्यांकडून कोणालाही इजा होत नाही. फ्रान्सच्या तपास संस्थेने मात्र २०१६ च्या अहवालात मूळ प्रश्न नेमका हेरला: उड्डाणाचा परवाना आणि त्याबरोबर उत्पन्न जाईल या भीतीने वैमानिक मदत मागत नाहीत, म्हणून सहकाऱ्यांचे आधारगट उभारावेत आणि परवाना गमावल्यास होणाऱ्या आर्थिक नुकसानीची तजवीज करावी, अशी शिफारस तिने केली. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही २०२३ मध्ये वैमानिकांसाठी अशा सहकारी आधाराची सूचना केली. जगातील अत्यंत शिस्तबद्ध व्यवसाय या निष्कर्षाला आला आहे की लपवण्यामागे पोटाची भीती असते आणि ती भीती दूर करण्याची जबाबदारी संस्थेची असते.

ऐकणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार (२०१५-१६) देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होते आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के माणसे उपचारांविना होती. महाराष्ट्राचा त्या पाहणीत समावेशही नव्हता. आज टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, केईएम, नायर, शीव आणि कूपर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि ज्याला जगणे नकोसे वाटू लागले आहे त्याने तिथे जाण्यास एक दिवसही लावू नये. परंतु प्रत्येक व्यवसायांतरिताला डॉक्टरची गरज नसते. अनेकांना हवी असते ती आपल्यासारख्याच परिस्थितीतून जाणाऱ्या चार माणसांची बैठक. लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षे एकत्र भजन म्हणणारे गट, सोसायटीचे गणेशोत्सव मंडळ, कामगार संघटनेची शाखा, यांपैकी कोणीही महिन्यातून एक संध्याकाळ अशा बैठकीसाठी दिली तर तिला ना निधी लागतो ना परवाना.

संघटनांकडे मात्र याहून अधिक मागितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी जेटच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश दिला. विमाने थांबल्यापासून तोवर साडेपाच वर्षे लोटली होती. दिवाळखोरीच्या संहितेत कामगारांच्या २४ महिन्यांच्या आणि इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या थकीत वेतनाला अग्रक्रम आहे, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूद आहे. म्हणजे माणसाला दुसऱ्या कामाकडे वळावे लागते आणि त्या वळणाचा काही खर्च मालकाने सोसावा हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. त्या खर्चात मनाचा वाटा तेवढा धरलेला नाही. कंपनी बंद पडताना किंवा कपात होताना सहा महिन्यांचे समुपदेशन मिळावे, ते मालकाच्या पगारी माणसाकडून न देता बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून, गोपनीयतेच्या लेखी हमीसह आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला जमेल अशा वेळी दिले जावे, कुटुंबातील एका व्यक्तीलाही त्याचा लाभ घेता यावा, इतक्या तपशिलाने हे कलम आपल्या पुढच्या मागणीपत्रात लिहायला अंधेरीच्या एमआयडीसीतील संघटनांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.